मोरचूद, घोंगडी आणि आपली पैज

मामा,

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि या सतरा दिवसांत तुमच्याबद्दल वाकडा शब्द बोललेला एक माणूस मला भेटला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, देवमाणूस होते, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. ऐकून ऐकून कान किटले माझे. कुणाला उलटून बोलले नाहीत म्हणजे? मग मी कोण होते? इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ त्या काचेच्या टाकीपुढे उभं राहून सासरा-सून आपण जे भांडलो, ते काय भजन होतं? मी सगळ्यांपुढे मान डोलावली, डोळे पुसले. पण तुमच्याशी खोटं कसं बोलू? तुम्ही हट्टी होतात. लई हट्टी होतात. आणि मला तुमची इतकी आठवण येतेय की आज कुणीच भांडायला नाही म्हणून मी कागद घेऊन बसलेय.

टाकी आली ती तुमच्या बीपीमुळे. डॉक्टर म्हणाले, घरात मासे ठेवा, त्यांच्याकडे बघत बसा, डोकं शांत राहतं. तुम्ही लगेच औरंगाबादहून तीन फुटांची टाकी आणलीत, तुमच्या बियाणे कंपनीच्या जीपमध्ये, पोत्यांच्या मधोमध बसवून. नवीन जालन्यातल्या आपल्या घरी ती उतरवताना तुम्ही इतके ओरडलात की शेजारचे बाहेर आले. आत्याबाई म्हणाल्या, "ह्यांचं बीपी कमी करायला आणलं का वाढवायला?"

मला या घरात येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी, तीही पहिल्या वर्गात, आणि काम काय तर भाकरी थापणं. बीएडला जायचं, शाळेत शिकवायचं, हे मी लग्नाआधीच सांगितलं होतं. आमच्या यांनी 'हो' म्हटलं होतं. पण टेंभुर्णीला तुमचे थोरले भाऊ, आबा. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: आपल्या घरच्या सुना नोकऱ्या करत न्हाईत. आबांपुढे बोलायची यांची छाती नव्हती. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पुढच्या साली बघू." दोन साल तुम्ही बघत होतात. कॉलेजातून आणलेला कोरा फॉर्म माझ्या पेटीत पिवळा पडून गेला.

तर ती टाकी. जन्मभर बियाण्याच्या प्लॉटवर उभा राहिलेला माणूस टाकीत झाडं कशी लावेल? दोरी धरून! फितीसारख्या लांब पानांचं ते पाण्यातलं गवत तुम्ही वाळूत चार-चार बोटांवर सरळ ओळींत लावलंत. मी हसले तर म्हणालात, "ओळीत लावलं की खुरपायला सोपं जातं." मग पिकाला ऊन पाहिजे म्हणून टाकी पश्चिमेच्या खिडकीत. मग मुळाशी डीएपी खताचे दाणे खोचलेत. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून वरून चिमूटभर युरिया. मी म्हणाले, "मामा, हे शेत नाही." तुम्ही म्हणालात, "झाड ते झाड."

पंधरा दिवसांत पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. मासा काचेला येऊन टेकला तरच दिसायचा. पाणी बदललं तर पुढच्या आठवड्यात पानापानांवर केसांसारखं हिरवं शेवाळ लोंबायला लागलं. तुम्ही जुना दात घासायचा ब्रश घेऊन रोज सकाळी निंदणीला बसायचात. बाहीपर्यंत हात ओला, तोंडानं शेवाळाला शिव्या. जितकं उपटायचात त्याच्या दुप्पट दुसऱ्या दिवशी हजर.

आणि मग तो मोरचुदाचा दिवस. त्यावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही. आज मी बोलणार आहे.

तुम्ही कागदाच्या पुडीत निळे खडे घेऊन आलात आणि तांब्यात विरघळवायला लागलात. मी स्वयंपाकघरातून पळत आले. "मामा, टाकू नका. शेवाळ मरेल, पण मासे पण मरतील."

"टेंभुर्णीच्या विहिरीत आमच्या आज्यापासून टाकत आलो. शेवाळ बराबर जातं. कोणी मेलं न्हाई."

"विहीर केवढी आणि ही टाकी केवढी! विहिरीचा हिशोब इथं चालत नाही."

"तू तुझं पुस्तक घे अन् आत जा."

मी आत गेले. सून होते, गेले. पण जाताना दोन काळे मोली मासे पाण्याच्या डब्यात घालून घेऊन गेले, आणि तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलंत. दुपारी बाहेर आले तर तुम्ही टाकीपुढे खुर्चीवर बसला होतात. अकरा मासे उलटे तरंगत होते. तुम्ही एकेक करून काढलेत, मागच्या पपईखाली खड्डा केलात, पुरलेत. दोन वेळा जेवला नाहीत. आत्याबाईंनी ताट आणलं तर म्हणालात, "भूक न्हाई." तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं, 'मी सांगितलं होतं.' बोलले नाही, ते एक बरं केलं.

पण सुधराल तर ते तुम्ही कसले! टाकी धुतलीत, नवं पाणी, नवे मासे, पुन्हा दोरी, पुन्हा ओळी, पुन्हा डीएपी, पुन्हा खिडकी. तीन आठवड्यांत पुन्हा पालकाची भाजी. एप्रिल संपत आला होता. मी पोछा मारता मारता म्हणून गेले, "या शेवाळाला तुम्हीच पोसताय. माझ्या हातात दिली असती टाकी तर एव्हाना आरसा झाला असता."

तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवलंत. "बरं. घे. दीड महिना देतो. औषध बिलकुल टाकायचं न्हाई. पाणी नितळ झालं तर तुझा बीएडचा फॉर्म मी सोता भरतो, आबाला मी सांगतो. न्हाई झालं तर या घरात पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं न्हाई."

"कधीच?"

"कधीच."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. हे दाढी करत होते, तसेच अर्ध्या फेसात बाहेर आले. मी म्हणाले, "लावली पैज." आणि मग आत जाऊन पाणी प्यायले, तेव्हा कळलं. एका टाकीतल्या घाणीवर मी माझं सगळं आयुष्य लावून बसले होते.

नितळ म्हणजे किती नितळ, तेही तुम्हीच ठरवलंत. बियाण्याची पिशवी टाकीच्या मागे धरायची आणि पुढून तिच्यावरची सगळ्यात बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. मला त्या अटीचा राग आला होता. आज वाटतं, अट साफ होती. माणूस खेकसायचा, पण अटीत खोट नसायची.

पहिल्या दिवशी टाकी खिडकीतून काढून आतल्या भिंतीला लावली. वाळू चाळणीनं चाळून डीएपीचा एकेक दाणा वेचून काढला. तुम्ही खुर्चीवरून बघत होतात, "पेरलेलं उपटून राह्यली, पेरलेलं." मग आमच्या यांना मोटारसायकलवर बदनापूरच्या पुढं पाठवलं, आणि डबक्यातून ओल्या गोणपाटात भरून हायड्रिला आणवली. ती बघून तर तुम्ही उभेच राहिलात.

"अगं हे कालव्यातलं तण हाये! पाणी अडवतं म्हणून लोक काढून फेकतात, अन् तू घरात आणून लावून राह्यली?"

"म्हणूनच आणली. शेवाळ जे खातं तेच ही खाते, आणि हिची भूक मोठी आहे. शेवाळाला काही उरणारच नाही."

"तणानं तण मारणार?"

"तणानंच मारणार."

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. लावली मी ती, कशीही, गचागच, एक ओळ नाही. ट्यूबलाईट दिवसाला सहा तास, वर एक मिनिट नाही. माशांना एकदाच खाणं, चिमटीत मावेल तेवढं. आणि दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचं.

तिथंच गाडी अडली. मे महिना, नळ आठ-आठ दिवसांनी, आणि सून म्हणते माशांना बादली बदलून द्या! आत्याबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाणी पाणी झाले. शेवटी मी म्हणाले, "माझ्या आंघोळीतलं घेते." दीड महिना रविवारी मी तांब्याभर पाण्यानं अंग पुसलं, त्या उन्हाळ्यात. टाकीतून निघालेलं हिरवट पाणी मी आत्याबाईंच्या कढीपत्त्याला घालायचे. तिसऱ्या रविवारी कढीपत्त्याला अशी पालवी फुटली की आत्याबाई स्वतःच्या वाट्याची अर्धी बादली टाकीजवळ ठेवून गेल्या.

पण शेवाळ हटेना. तिसरा आठवडा संपला तरी पानांवर केस तसेच. तुम्ही येता-जाता विचारायचात, "काय मास्तरीणबाई, कसं काय पीक?" मी दात काढून दाखवायचे आणि मोरीत जाऊन रडायचे. पेटीतला फॉर्म एकदा काढला, फाडावा वाटला. नाही फाडला.

मग घोंगडी. शेवाळाला चार दिवस काळोखात कोंडायचं, मोठी झाडं तग धरतात, हे धरत नाही. आत्याबाईंची काळी घोंगडी टाकीवर चारी बाजूंनी पांघरली आणि सांगितलं, कुणी उचलायची नाही. ते चार दिवस तुमच्यावर फार जड गेले. सवयीनं खुर्ची ओढून तुम्ही समोर बसायचात. आत्याबाईंनी विचारलं, "काय बघता एवढं?" तर म्हणालात, "घोंगडी बघून राह्यलो."

पाचव्या दिवशी उघडली. केस पांढरे पडून गळत होते. पाणी पूर्वीपेक्षा हलकं होतं, आणि हायड्रिलाची नवी टोकं वर आली होती. मी ओरडले की काय केलं, आठवत नाही. तुम्ही मात्र वाकून बघितलंत आणि "हं" म्हणालात.

आणि त्यानंतर आठच दिवसांत पाणी पुन्हा गढुळायला लागलं. मला काही केल्या कारण सापडेना. एका सकाळी लवकर बाहेर आले तर तुम्ही टाकीवर भाकरीचा चुरा टाकत होतात. मूठभर! "उपाशी हायेत बिचारे," म्हणालात, "तू चिमटीभर देती, त्यानं काय व्हतं?"

मी काय बोलले ते आठवतं ना मामा? "तुम्ही माझं कॉलेज बुडवून राह्यलात!" सगळं घर उठेल असं. सासऱ्यावर सून ओरडली. आत्याबाई पदर तोंडाला लावून उभ्या. मला वाटलं, संपलं, पैज पण गेली आणि घर पण. तुम्ही उरलेला चुरा खिशात टाकलात.  दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलंत, "आज टाकू का? किती टाकू?" त्या दिवसापासून शेवटपर्यंत रोज विचारलंत. या घरात मला विचारून झालेली ती पहिली गोष्ट.

शेवटच्या आठवड्यात मी टाकीकडे बघायचंच सोडलं, भीतीनं. मुदतीच्या दिवशी आबा टेंभुर्णीहून आले, बाजाराच्या कामाला. तुम्ही त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाहीत. म्हणालात, "आबा, चष्मा लावा. इथून वाचा बरं, मागं काय लिहेल हाये?" आणि स्वतः टाकीच्या मागे जाऊन कपाशीच्या बियाण्याची पिशवी धरलीत. मी दाराआड. हातात लाटणं तसंच.

आबा वाकले आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. वाण, लॉट नंबर, आणि मग खालची ती मुंगीएवढी ओळ, "विषारी औषध लावलेले बियाणे, खाण्यासाठी वापरू नये." एक अक्षर अडलं नाही. अहो, अडेल कसं? पाणी होतं की नाही ते कळत नव्हतं! मोली जणू हवेत पोहत होते. दाराआड मी लाटणं छातीशी धरून उड्या मारत होते, खरंच सांगते, दोन्ही पायांवर.

"आबा," तुम्ही पिशवी घडी करत म्हणालात, "उद्या मी सुनेला घेऊन फॉर्म भरायला चाललो."

"कसला फॉर्म?"

"मास्तरीण व्हायचा. पैज लागल्ती आमची. शब्द देलता मी."

"सुनेसंगं पैज? अन् हरला तू?"

तुम्ही टाकीकडे बघितलंत. "पाणी नितळ हाये," म्हणालात.

हरलो, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत. तेव्हाही नाही, पुढे बारा वर्षं मी शाळेत शिकवलं तेव्हाही नाही. आबा तीन महिने घरी आले नाहीत, ते तुम्ही निमूट सोसलंत. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत स्कूटरवर सोडलंत. पण शेवाळ कशानं गेलं, यावर मात्र ऐकायला तयार नाही! "घोंगडीनं गेलं. अंधारानं. तुझ्या तणानं काय केलं?" मी म्हणायचे, घोंगडीनं मेलं असेल, पण परत आलं नाही ते हायड्रिलामुळे. तुम्ही म्हणायचात, मग लावून बघ बिगर घोंगडीचं. मी म्हणायचे, तुम्ही ठेवून बघा बिगर झाडांचं. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, निघून जायचे, आपलं चालूच.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी तुमच्या उशाशी होते. नळ्या लावलेल्या. तुम्ही डोळे उघडलेत, मला बघितलंत आणि म्हणालात, "निर्मला. घोंगडीनंच." नर्स बघत राहिली. मला एक क्षण वाटलं, 'हो' म्हणावं, काय जातंय माझं? पण मी 'हो' म्हटलं असतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं की डॉक्टर मला काय सांगून गेलेत. म्हणून म्हणाले, "न्हाई मामा. हायड्रिलानं." तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं. बरं केलं ना मी? मला रोज वाटतं बरं केलं, आणि रोज रडू येतं.

एक मात्र राहून गेलं. आभार मी कधीच मानले नाहीत. पैज जिंकली होती, मग आभार कशाचे, असा माझा ताठा. पण मामा, जिंकूनसुद्धा हरणाऱ्या कितीतरी मला शाळेत भेटल्या. कुणाच्या घरी शब्द फिरवला, कुणाच्या घरी कुणी शब्द दिलाच नाही. शेवाळ मी घालवलं, ते माझं. ते मी कुणाला देणार नाही, तुम्हाला तर नाहीच. पण थोरल्या भावापुढे उभं राहणं तुमचं होतं. ते तुम्ही केलंत म्हणून मी आज बाई आहे, मुलं मला बाई म्हणतात. हे जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं.

आता कालचं सांगते, त्यासाठीच खरं तर बसले.

काल बैठकीत आबा होते. थकलेत आता, पण आवाज तोच. चारचौघांत म्हणाले, "धाकला गेला. भावजय घरात एकटी. सूनबाईनं आता शाळा बंद करावी, झालं तेवढं लई झालं." हे खाली बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला.

आत्याबाईंचा. मामा, तुम्हाला माहीत आहे, आबा थोरले दीर म्हणून आत्याबाई लग्नापासून त्यांच्यासमोर एक शब्द बोलल्या नाहीत. पन्नास वर्षांत नाही. आबा आले की पदर पुढं आणि पाय आत. त्या काल उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, पण मान वर.

"आबा, ती शाळेत जाणार," म्हणाल्या. "ह्यांनी तिला शब्द देलता. हे गेले तर तो आता मी पाळीन."

 आबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग टोपी सारखी केली आणि "बरं" म्हणाले. एवढंच, "बरं."

आत्याबाई आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर त्या पिठाचा डबा उघडून बसल्या होत्या. बारा वर्षं माझा डबा मीच भरला, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारपासून जाती ना? जल्दी सांग, डब्याला काय करू?"